पळी पळी तेल

चाळीसगाव सोडून नैऋत्येला निघालं की कपाशी, मका, लिंबाच्या बागा असं करत करत रस्ता अठरा-वीस किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याला येऊन टेकतो. सपाट खानदेश इथे संपला. समोर अजिंठ्याची रांग आडवी पडलेली, आणि तिच्या माथ्यावर मराठवाडा. वर जायला आता सगळे कन्नडचा घाट धरतात. पण रांगेच्या या कोपऱ्यात, तिन्ही बाजूंनी कडे आणि मधून डोंगरी नदी अशा बेचक्यात, चंडिकेचं देऊळ आहे. देवीचं नाव चंडिका खरं, पण आमच्याकडे तसं म्हणताना मी फारसं कुणाला ऐकलं नाही. पाटणादेवी म्हणायचं, की कळलं.

गंमत अशी, की ज्या पाटणाची ही देवी ते पाटण आता जाग्यावर नाही. डोंगराच्या तोंडाशी पाटणा नावाचं लहानसं गाव आहे, पण मी म्हणतोय ते शहर वेगळं. त्याला पेठ होती, तेलाचे घाणे होते, जकात होती, राजाचा कारभारी वर्ग होता. १८८० साली इंग्रजांनी खानदेशचं गॅझेटियर छापलं, तेव्हाच त्यात पाटण्याची नोंद ओसाड, मोडकळीला आलेलं ठिकाण अशी झालेली आहे. आज देवीला येणाऱ्याला गाडी लावायची जागा दिसते, नारळ-ओटीची दुकानं दिसतात, साग-सालईचं रान दिसतं, वर कण्हेरगडाचा डोंगर दिसतो. १९८६पासून हा सगळा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे. संध्याकाळ व्हायच्या आत परत फिरा, बिबट्या आहे, असं सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच.

आमच्या घरचं हे कुळदैवत. मोठी माय, म्हणजे माझी थोरली काकू, नवरात्राच्या आधीपासून तेलाची तयारी करायची. दुकानातली पिशवी तिला चालत नसे. घाण्यावरून काढून आणलेलं तेल एका पत्र्याच्या डब्यात, डब्याच्या तोंडाला फडकं, फडक्यावर झाकण, आणि हे सगळं कापडी पिशवीत. तरी ते पाझरायचंच. एसटीत पिशवी तिच्या मांडीवर आणि लुगड्यावर हा एवढा डाग. आम्ही पोरं जवळ गेलो की ती हात आडवा घालायची, “देवीनं तेल शे ते, हात नको लावू.” आमच्या अहिराणीत ‘देवीनं’ म्हणजे देवीचं. सोबत तिची स्वतःची पितळी पळी असायची, माहेराहून आणलेली, दांड्याला किंचित वाकलेली. देवळात दिव्यापाशी बसली की ती माणसागणिक एक पळी घालायची. नवऱ्याची, म्हणजे नानांची, एक, दिरांची एकेक, पोरांची, दिल्या घरी गेलेल्या लेकींचीही. मग एक बैलजोडीची. एकीकडे ओठ हलत असायचे, कारण मोजणं चालू असायचं. मध्ये कुणी बोललं की ती रागवायची. भक्तीत व्यत्यय आला म्हणून नव्हे, हिशेब चुकला म्हणून.

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो. पुढे कॉलेजात असताना पाटण्याच्या शिलालेखाचा मजकूर वाचनात आला आणि त्यात शेवटाकडे एकदम तेलाची पळी समोर आली.

हा लेख पाटण्याच्या भवानीच्या देवळातला. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ साली त्याच्याबद्दल लिहिलं. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडितानं ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात तो नीट संपादून छापला. बराचसा भाग संस्कृत श्लोकांचा, दान दिल्याचा तपशील आला की मात्र भाषा मराठी होते. श्लोकांमध्ये दोन घराणी आहेत. एक निकुंभांचं, हे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक, इथला मुलूख त्यांच्याकडे. दुसरं शांडिल्य गोत्राच्या ज्योतिषांचं. या दुसऱ्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची यादी आहे: त्रिविक्रम, मग भोजराजानं ज्याला विद्यापती ही पदवी दिली तो भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर. महेश्वराचा मुलगा भास्कर. हाच तो ‘लीलावती’ आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’वाला भास्कराचार्य. त्याचा मुलगा लक्ष्मीधर, याला यादव राजा जैत्रपालानं ‘या पुरातून’ आपल्याकडे नेलं असं लेख म्हणतो. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव, हा सिंघण यादवाचा प्रमुख ज्योतिषी. या चांगदेवानं पाटणात मठ काढला. कशासाठी, तर आजोबांनी लिहिलेले सिद्धान्तशिरोमणी वगैरे ग्रंथ आणि घराण्यातल्या इतरांनी लिहिलेले ग्रंथ तिथे नेमानं शिकवले जावेत म्हणून. मठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे समाधी, पादुका, उत्सव असं येतं. हा मठ गणित आणि खगोल शिकवायचा होता.

(तापी-पूर्णेच्या संगमावरचे योगी चांगदेव वेगळे. जळगाव जिल्ह्यात चांगदेव म्हटलं की लोकांच्या डोक्यात तेच येतात, आणि मग वाघावर बसलेल्या चांगदेवांनी गणिताची शाळा काढली होती असं ऐकायची पाळी येते.)

मठाला जागा दिली ती निकुंभ राजा सोइदेवानं. तिथी लेखात आहे: प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. कीलहॉर्ननं हिशेब करून तारीख काढली ती ९ ऑगस्ट १२०७. सगळ्या लोकांसमक्ष, हातावर पाणी सोडून दान दिलं, असं लेख सांगतो.

या एका तिथीपाशी मी दरवेळी अडकतो. ग्रहणकाळातल्या दानाचं पुण्य मोठं, हे सोइदेवाला माहीत, गावाला माहीत. आणि दान कुणाला चाललंय? तर ग्रहण कधी लागणार, किती लागणार, कधी सुटणार हे आकडेमोडीनं आधी सांगणाऱ्या माणसाला. त्याच्या आजोबांनी सिद्धान्तशिरोमणीतल्या गोलाध्यायात स्वच्छ लिहून ठेवलेलं, की चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो म्हणून चंद्रग्रहण होतं आणि चंद्र सूर्याच्या आड येतो म्हणून सूर्यग्रहण. चंद्राला पूर्वेकडून ग्रासायला सुरुवात होते आणि सूर्याला पश्चिमेकडून, दोन्ही गिळणारा एकच राहू असता तर असा फरक का पडला असता? एवढं सांगून झाल्यावर भास्कराचार्य पुढे काय करतात पाहा. ते म्हणतात, राहू शंभूच्या वरानं पृथ्वीच्या सावलीत शिरून चंद्राला झाकतो आणि चंद्रबिंबात शिरून सूर्याला झाकतो, म्हणजे पुराणांनाही बाध येत नाही. आपल्याकडे यावर दोन तट पडतात. काहींना ही भास्कराचार्यांची कच वाटते, काहींना चतुराई. मला हा गावात राहायचं असलेल्या माणसाचा शहाणपणा वाटतो. गणित कुठे हललं नाही, आणि श्रावण पौर्णिमेला नदीवर उभ्या असलेल्या लोकांना मूर्खही म्हटलं नाही. मोठी माय ग्रहणात लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्र ठेवायची आणि ग्रहण कधी सुटणार ते पंचांगात बघून सांग म्हणून मलाच बसवायची. त्या पंचांगातली वेळ शेवटी चांगदेवाच्याच धंद्यातली.

जागा मिळाली, पण मठ चालायचा कशावर? लेखाचा मराठी भाग हेच सांगतो. सुरुवात अशी आहे:

“इयां पाटणीं जें केणें उघटे तेहाचा असि आउं जो राउला होंता ग्राहकापासीं तो मढा दीन्हला.”

या पाटणात जो माल विकायला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळायचं ते उत्पन्न मठाला दिलं. केण्याचा, म्हणजे विकायच्या मालाचा, हा व्यवहार आठशे वर्षांचा जुना, तरी दोनदा वाचलं की अर्थ लागतो. पुढे यादीच आहे. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना मिळणारा जो ब्रह्मोत्तराचा हक्क, तो ब्राह्मणांनी मठाला सोडला. नगरानं, म्हणजे पेठेतल्या लोकांनी, दामामागे विसोवा दिला. विसोवा म्हणजे विसावा भाग. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या. आणि जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल.

राजानं गाव इनाम दिलं, सोन्याची नाणी दिली, अशी दानं शिलालेखांत ढिगानं सापडतात. इथे राजा आहेच, पण त्याच्या मागे वाणी आहे, तेली आहे, सुपारी घेणारं गिऱ्हाईक आहे. शाळा चालवायला तेल लागतं, हे ज्यानं कुणी यादी केली त्याला नीट ठाऊक होतं. रात्री आकाश बघणाऱ्या आणि दिवसा पाट्यांवर आकडे मांडणाऱ्या पोरांना दिवा लागणारच. ते तेल रोज घाण्यावरून यायचं, एकेक पळी. घाणा फिरवणाऱ्या तेल्याला गोलाध्याय कशाशी खातात हे माहीत असायचं कारण नाही, आणि त्याला कुणी विचारलंही नसेल. पण सिद्धान्तशिरोमणीचं पान त्याच्या तेलावर वाचलं जायचं.

यादीत त्यापुढे जे आहे ते मला सगळ्यांत आवडतं. इथे जे मापायचं ते मठाच्या मापानं मापावं. आणि मापाईचं, म्हणजे माप घालण्याबद्दल, जे मिळेल त्यातलं अर्धं मठाला, अर्धं माप घालणाऱ्याला.

ज्यानं धान्याच्या बाजारात उभं राहून माल विकलाय त्याला यातली मेख लगेच कळेल. आता काटे इलेक्ट्रॉनिक आहेत, तरी शेतकरी आकड्यापेक्षा हमालाच्या हाताकडे जास्त बघतो. नाना पायली-शेराच्या जमान्यातले. ते सांगतात, माप घालणाऱ्याच्या हातात सगळी कळा असायची. माप आपटून भरलं तर जास्त बसतं, अलगद भरलं तर कमी. वर शीग ठेवायची की हात फिरवून सपाट करायचं? शीग ठेवली तर ती किती उंच? आणि अंगठा! माप धरताना अंगठा बाहेर पाहिजे. तो आत घातला की दर पायलीला अंगठाभर दाणे गेले, शंभर पायल्यांना किती गेले बघा. नाना हे सांगताना हात पुढे करून दाखवतात, चार बोटं बाहेर, अंगठा आत, आणि मग हळूच अंगठा बाहेर काढतात. म्हणजे भांडण मालाचं क्वचितच असायचं, बहुतेक वेळा मापाचंच. अशा बाजारात, कुणाचं माप खरं मानायचं या प्रश्नाला पाटणच्या पेठेनं उत्तर दिलं: गणित शिकवणाऱ्यांचं. उत्पन्नाची एक बाब म्हणून ही ओळ लिहिली गेली असणार, तरी बाजारातल्या लोकांचा विश्वास असल्याशिवाय असं माप चालत नाही.

आणि त्या मठात जे शिकवायचं ते तरी बाजारापासून किती लांब होतं? ‘लीलावती’ उघडली की आरंभीच कोष्टकं आहेत. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. मग धान्याची मापं: एक हात लांब, एक हात रुंद, एक हात खोल अशा पेटीत मावेल ती मगधदेशाची खारी. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा भाग आढक, आढकाचा चौथा प्रस्थ, प्रस्थाचा चौथा कुडव. नुसती खारी, द्रोण ऐकून आपण पुराणात गेल्यासारखं करतो, पण हे सरळ पायली, शेर, पावशेराचं कोष्टक आहे.

याच पुस्तकात राशिव्यवहार नावाचं एक छोटं प्रकरण आहे. खळ्यावर मळणी झालेली आहे, धान्याची रास लावलेली आहे, आणि न मापता सांगायचं आहे की रास किती. भास्कराचार्य सांगतात, राशीच्या घेराला हातानं मोज. जाड धान्य असेल तर राशीची उंची घेराच्या दहाव्या भागाइतकी धर, बारीक असेल तर अकराव्या, कुसाळाचं असेल तर नवव्या. मग घेराला सहानं भाग, आलेल्या आकड्याचा वर्ग कर, त्याला उंचीनं गुण. झाल्या खारी. त्यांचंच उदाहरण घ्यायचं तर जाड धान्याची रास, घेर साठ हात. उंची सहा हात. साठ भागिले सहा दहा, दहाचा वर्ग शंभर, गुणिले सहा, म्हणजे सहाशे खारी. इथे परिघ व्यासाच्या तिप्पट धरलाय, म्हणजे ढोबळ हिशेब. याच भास्कराचार्यांनी दुसरीकडे ३९२७ भागिले १२५० असा बारीक आकडा दिलाय, तो दशांशात ३.१४१६ येतो. पण खळ्यावर संध्याकाळ होत आलीय, व्यापारी उभा आहे, तिथे तीनच बरा, हेही त्यांना कळत होतं. दाणा जितका बारीक तितकी रास पसरट होते, ही गोष्ट तर राशीच्या कडेला उभं राहिल्याशिवाय सुचतच नाही. मी नानांना हा प्रकार करून दाखवला, ज्वारीच्या राशीवर. त्यांनी आधी डोळ्यांनी अंदाज सांगितला होता. आमच्या दोघांच्या आकड्यांत फारसं अंतर पडलं नाही, त्यामुळे त्यांना गणिताचं काही विशेष वाटलं नाही.

लीलावतीची गोष्टही पाटण्याला गेलं की कानावर येतेच. भास्कराचार्यांनी मुलीच्या, लीलावतीच्या, लग्नाचा मुहूर्त टळू नये म्हणून घटिकापात्र, म्हणजे वेळ मोजायचं बुडाला भोक असलेलं भांडं, लावलं, तिच्या दागिन्यातला मोती त्यात पडून भोक बुजलं, मुहूर्त टळला, वगैरे. ही गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती आली अकबराच्या दरबारातल्या फैजीकडून, त्यानं १५८७ साली लीलावतीचा फारसी तर्जुमा केला त्याच्या प्रस्तावनेतून. मला त्यात खानदेशी माणसाला आवडावं असं दुसरंच सापडलं: चारच वर्षांनी, १५९१ साली, अकबरानं याच फैजीला वकील म्हणून खानदेशच्या फारुकी सुलतानाकडे बुऱ्हाणपूरला पाठवलं. ज्या मुलखात लीलावती शिकवायला मठ निघाला होता, त्या मुलखात तिचा फारसी तर्जुमाकार येऊन गेला.

भास्कराचार्य नक्की कुठले, यावरून पुष्कळ शाई सांडली आहे. त्यांनी स्वतः सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड असं गाव सांगितलंय. कुणी ते विजापूर म्हणतं, कुणी बीड, आमचे लोक अर्थातच पाटण. शके १०३६मध्ये, म्हणजे १११४ साली जन्म, आणि छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी, एवढं त्यांनीच श्लोकात घालून ठेवलंय. बाकी भांडण चालू दे. जन्मगावाचा मान कुणाला का मिळेना, शाळेला तेल आमच्या घाण्यांनी घातलं, हे दगडावर आहे.

चंडिकेच्या देवळाच्या अलीकडे महादेवाचं जुनं देऊळ आहे. देवीला आलेली गर्दी बहुतेक वेळा याच्याकडे न बघता पुढे जाते. पुरातत्त्व खात्याच्या यादीत ते महेश्वराचं देऊळ म्हणून आहे. काळा दगड, बाहेरच्या भिंतींना कोनावर कोन काढलेले, त्यामुळे दुपारी उन्हाची एक बाजू संपते न संपते तोच सावलीची पट्टी सुरू होते. हात लावून गेलं की दर वितीला दगड गार-गरम बदलत जातो. याचाही लेख आहे, शके १०७५चा, म्हणजे ११५३ सालचा. निकुंभ राजा इंद्रराजानं हे शिवालय बांधायला घेतलं आणि ते पुरं व्हायच्या आत तो गेला. मुलगा गोवन लहान. राणी श्रीदेवीनं मुलाच्या नावानं कारभार पाहिला आणि देऊळ पुरं करून घेतलं. सिद्धान्तशिरोमणी ११५०चा, देऊळ ११५३चं. पाथरवटांच्या छिन्न्यांचा आवाज त्या ज्योतिषांच्या घरापर्यंत येत असेल असं मला आपलं वाटतं, आणि असं वाटायला काही पैसे पडत नाहीत.

लोक या देवळाला हेमाडपंती म्हणतात. हेमाडपंत महादेवराव आणि रामदेवराव यादवांचा मंत्री, म्हणजे देऊळ त्याच्या कारभाराच्या शंभरेक वर्षं आधीचं. खानदेशात चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं काहीही दिसलं की ते हेमाडपंती, त्याला इलाज नाही. पण श्रीदेवीचं नाव आमच्याकडे कुणालाच माहीत नसावं, याचं मात्र वाईट वाटतं. नवरा गेलेला, मूल लहान, भोवती भाऊबंद, आणि तिनं अर्धं बांधकाम पुरं करून दाखवलं. आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिच्या दारावरून ओटी घेऊन पुढे जातात.

इथून डोंगर चढून वर गेलं की पितळखोऱ्याची लेणी. ती कन्नड तालुक्यात मोडतात, पण खालून पायवाट आहे. लेणी इसवी सनाच्या आधीच्या शतकांतली, बौद्धांची. तिथल्या खांबांवर देणाऱ्यांची नावं कोरलीत: पैठणचा मितदेव, हा गंधिक, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापारी. राजवैद्य मगिलाचं कुटुंब. तिथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीच्या हातावर, ती कण्हदास सोनारानं केली असं लिहिलंय. अत्तरवाला, वैद्य, सोनार. तेराशे-चौदाशे वर्षांनी खाली पाटणात तेली आणि सुपारीवाला. ही खिंड म्हणजे पैठण-देवगिरीकडून खानदेशात उतरायची वाट होती, आणि वाटेवर पैसा असतो. त्या पैशातला थोडा देवाधर्माला आणि विद्येला द्यायची रीतही वाटेबरोबरच चालत आलेली दिसते. कण्हेरगडाच्या अंगावर नागार्जुनाची कोठडी आणि सीतेची न्हाणी म्हणतात त्या जैन लेण्याही आहेत. कुणाच्या धर्माला या खिंडीनं नाही म्हटलेलं नाही.

वाट हलली की गाव उठतं. यादव बुडाले, देवगिरीची दौलताबाद झाली, खानदेशची गादी आधी थाळनेर आणि मग बुऱ्हाणपूर, म्हणजे सत्ता तापीकाठाला गेली. इंग्रजी अमलात भिल्ल पलटण उभारणाऱ्या औट्रमच्या नावाचा घाट, म्हणजेच कन्नडचा घाट, शेजारी रुळला, आणि पुढे धुळे-सोलापूर महामार्गाच्या गाड्या त्याच घाटात तासन्‌तास अडकून बसू लागल्या. पाटण्याची खिंड रानाला मिळाली. ऑगस्ट २०२१च्या अखेरीला या डोंगरांवर असा पाऊस कोसळला की कन्नड घाटात दरडी आल्या आणि डोंगरी-तितूरच्या पुराचं पाणी चाळीसगावात शिरलं. त्या दिवसांत आमच्याकडे सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता, देवीचं देऊळ कसं आहे? आपल्या घरात चिखल, आणि चौकशी देवळाची.

पेठ गेली, तसा घाण्याचा, मापाचा, विसोव्याचा ओघ आटला आणि मठ संपला. देवीला मात्र पेठ लागली नाही. तिला लागते ती मोठी मायसारखी माणसं, जी पन्नास किलोमीटरवरून डबा मांडीवर घेऊन येतात. हा फरक मला डाचतो. देवीचं तेल पिढ्यान्‌पिढ्या चुकलं नाही, कारण ते नवसाचं, स्वतःच्या पोराबाळांच्या नावाचं. शाळेचं तेल गावाच्या व्यवहारातून यायचं, व्यवहार थांबला तेव्हा कुणाच्या घरातून पळी आली नाही. आता भास्कराचार्यांच्या नावानं अभिमानाची भाषणं होतात, जगाला आम्ही शिकवलं वगैरे. त्या भाषणांत तेली, मापारी आणि सुपारीचं गिऱ्हाईक कधीच नसतं. मला विचारलं तर देवळाच्या वाटेवर त्या शिलालेखाची मराठी यादी मोठ्या अक्षरात लावावी, कसलाही गौरव न करता, नुसती यादी. रांगेत उभी असलेली माणसं वाचतील. बाजार करणाऱ्या माणसाला ती मुळातूनच कळते, समजावून सांगावी लागत नाही.

पाटण्याला गेलात आणि दिवस हाताशी असेल तर चाळीसगावच्या पलीकडची आणखी दोन गावं करा. वाघळीत १०६९ सालचा लेख आहे, यादवांच्या हाताखालच्या गोविंदराज नावाच्या मौर्य सरदाराचा. आणि गिरणाकाठी बहाळला देवीच्या देवळात शके ११४४चा, म्हणजे १२२२चा लेख. ते देऊळ बांधणारा अनंतदेव हा भास्कराचार्यांच्या भावाचा, श्रीपतीचा, नातू. तोही ज्योतिषी, तोही सिंघणाच्याच पदरी, आणि त्याचा लेखही त्याला मुख्य ज्योतिषी म्हणतो. म्हणजे एका राजाकडे एकाच घरातले दोन, दोघेही मुख्य. एकानं पाटण्याला मठ काढला, पंधरा वर्षांनी दुसऱ्यानं बहाळला देऊळ बांधलं. मी हे नानांना सांगत होतो तेव्हा ते तंबाखू मळत होते. त्यांनी वर न बघताच निकाल दिला, “चुलतभाऊनी मठ काढा ना, मंग याले देऊळ बांधनं पडनंच!”